मशीनचं दूध
गॅसवर दूध करपलं की त्या वासानं मला ती सकाळ आठवते. बाळंतपणाची रजा संपून शाळेत रुजू व्हायचं होतं, म्हणून माजघराचं दार लोटून मी बाळासाठी अंगावरचं दूध काढायचं विजेचं मशीन लावून बसले होते. अंगणात वाळत घातलेल्या मिरच्यांचा ठसका आतपर्यंत येत होता. निम्म्यातच लाइट गेली आणि मशीन बंद पडलं. उरलेलं दूध हातानं पिळलं, डोळ्यांतून पाणी आलं, तेव्हा कुठे अर्धी वाटी भरली. ती झाकून मी आंघोळीला गेले. परत येऊन बघते तर वाटी रिकामी आणि गॅसवरच्या पातेलीच्या तळाला काळपट खरपुडी. सासूबाई म्हणाल्या, "मशीननं दूध शे ना ते, कच्चं कसं पाजू पोऱ्याले? उकाळाले ठेवं, तर करपी गयं." मी ती पातेली मोरीत आपटली. तेवढ्यात पंखा फिरायला लागला. त्यांनी मशीन माझ्यापुढे सरकवलं. "लाइट उनी. आखो काढी ले." तो पोरगा आता माझ्याच शाळेत येतो. दूध करपलं की पातेली घासताना मी अजून पुटपुटते, "माझं होतं हो ते, मशीनचं नाही."