दोन शब्दांची दुरुस्ती

संसदेच्या प्रेक्षक गॅलरीत टाळी वाजवायची नसते, बोलायचं नसतं, कठड्यावर वाकायचंही नसतं. माझ्या शेजारी बसलेल्या, आमच्या गल्लीतल्या वत्सलाबाई हात मांडीवर घट्ट धरून खाली बघत होत्या. त्यांचे यजमान कारखान्यात काम करतानाच गेले. कंत्राटी होते म्हणून भरपाई मिळाली नाही. त्या दिवशीच्या विधेयकात ‘कंत्राटी कामगारही’ एवढे दोन शब्द घालावेत, अशी दुरुस्ती आमच्या खासदारांनी मांडली होती. वत्सलाबाईंनीच त्यांना गळ घातली होती.

अध्यक्षांनी दुरुस्ती मताला टाकली. एका कोपऱ्यातून थोडे ‘हो’ आले, मग समोरून एकदम मोठं ‘नाही’ उठलं. “दुरुस्ती नामंजूर,” अध्यक्ष म्हणाले आणि त्यांनी पुढचं कलम घेतलं. कायदा असाच होतो, कलमामागून कलम, आवाजाच्या जोरावर. ‘नाही’ म्हणणाऱ्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. बहुतेकांना ही बाई ठाऊकच नव्हती. वरून पाहताना मला वाटलं, कायद्याला चेहरे दिसू नयेत हेच त्याचं बळ, आणि उणंही तेच.

“पडली का?” बाहेर आल्यावर वत्सलाबाईंनी विचारलं.

“पडली. आता विधेयक वरिष्ठ सभागृहात जाईल.”

“तिथं पुन्हा मांडता येते?”

“येते. कुणीतरी मांडायला हवी.”

“मग तिथं कुणाला भेटायचं, ते सांगा,” त्या म्हणाल्या, आणि पदर खोचून चालू लागल्या.