जपानी देवाला चिंच

मी बहरीनला मुलीकडे राहते. ती बाब अल बहरीनजवळ जुन्या वस्तूंच्या दुकानात कामाला आहे. तिचा व्हिसा त्याच दुकानाचा. दुकानात रंगकाम निघालं तेव्हा मालकाने एक जपानी मूर्ती जपायला म्हणून तिच्याकडे दिली. वीतभर उंच, तांब्याची, काळी. विजेचा देव म्हणे. डोक्यावर शिंगं, पाठीवर ढोलक्यांचं कडं, चेहरा असा की लहान मूल दचकावं. शंभर वर्षांहून जुनी आहे, एवढं मुलीने सांगितलं. हात लावू नकोस, हे सांगायचं राहिलं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी पूजेची भांडी चिंच-मिठाने घासायला काढली. हाही देवच, हा काळा कशाला राहील, म्हणून त्यालाही घेतलं. अनोळखी भांडं आधी बुडाकडून घासून बघायचं, ही माझी सवय. बूड लालबुंद निघालं. मला बरंच वाटलं.

तेवढ्यात मुलगी ड्युटीवरून आली. बघितलं आणि दारातच खाली बसली.

"आई, तो मळ नाही ग. कारागिराने मुद्दाम चढवलेला रंग आहे. त्याच्यासाठीच लोक ही मूर्ती घेतात."

मग उठून ती बुटाचं काळं पॉलिश घेऊन आली. बुडाला चोपडू, कोणाला कळणार नाही, म्हणाली. मी डबी काढून घेतली. चूक माझी, त्यात तिची लबाडी कशाला? नोकरी गेली तर व्हिसा जाणार आणि दोघींना गाशा गुंडाळावा लागणार, हे मलाही कळत होतं. ती जेवली नाही. मी जेवले. उपाशी राहून काळा रंग परत येणार नव्हता.

दसऱ्याला सकाळी मालक मूर्ती न्यायला आला. म्हातारा अरब, हिंदी चांगलं बोलतो. तो बसायच्या आतच मी माझ्या मोडक्या हिंदीत सांगून टाकलं, तुमचा देव मी चिंचेने घासला. मुलगी भिंतीकडे बघत राहिली. त्याने मूर्ती खिडकीपाशी नेली, उलटी केली, बुडावर अंगठा फिरवला. कारागिराचं कोरलेलं नाव शाबूत आहे का, ते बघत होता. होतं.

"बुडावरच थांबलात ना, अम्मा? मग मफी मुश्किल, काही बिघडलं नाही. माझ्या बायकोने अख्खा सिंह घासला होता. तो अजून दुकानात पडून आहे."

मी विचारलं, "आणि हिची नोकरी?"

"हिने काय केलं?" तो म्हणाला.

तो मूर्ती घेऊन गेला. मी मुलीला पान वाढलं. तिने श्रीखंड तीनदा मागून घेतलं.