सारवलेल्या जमिनीवरची कात्री

“सिस्टर, ही मुलगी फेल!” डॉक्टरसाहेब म्हणाले आणि पुढच्या मुलीला हाक मारायला वळले.

शहाद्याजवळच्या दवाखान्यात दाई-ट्रेनिंगची शेवटची टेस्ट चालू होती. एकोणीसशे साठच्या आसपासची गोष्ट. मी तिथे हेल्थ व्हिजिटर, म्हणजे गावोगाव बाळंतिणी बघणारी आणि मुलींना शिकवणारी. फेल झालेल्या मुलीचं नाव सुंदर, लोणखेड्याची, वीस वर्षांची विधवा. माझ्या बॅचमधली सगळ्यात हुशार. तिने हात धुतले, कात्री उकळली, चिमट्याने उचलली आणि अलगद जमिनीवर ठेवली. शेणाने सारवलेल्या! ट्रे शेजारी तसाच.

मी कपाळावर हात मारला. चार महिने घसा फोडला तो पालथ्या घड्यावर पाणी?

भावाने तिला बजावून ठेवलं होतं, सर्टिफिकेट मिळालं तर नोकरी कर, नाहीतर खापर गावच्या बिजवराशी पाट लावतो. त्या बिजवराची थोरली मुलगी सुंदरच्याच वयाची.

व्हरांड्यात गाठून मी तिला फैलावर घेतलं. “अगं, उकळलेली कात्री खाली ठेवतात का?”

ती रडत होती, पण चक्रावलीही होती. “मन्ही काय चूक व्हयनी, बाई? ट्रेले कोन कोनना हात लागेल व्हतात. जमीन ते मी सकाळे सोता सारेल शे. तठे आम्ही देव मांडतस.”

सारवण म्हणजे सगळ्यात शुद्ध, हे तिचं बाळकडू. आणि मी? ‘स्वच्छ जागेवर ठेवा’ एवढं पुस्तकातलं घडाघडा म्हणून मोकळी!

तिथेच पायरीवर बसून तिला सांगितलं. शेणात धनुर्वाताचे जंतू असतात, डोळ्यांना दिसत नाहीत. ताज्या कापलेल्या नाळेतून ते बाळाच्या अंगात शिरतात. जबडा आवळतो, बाळाला दूध ओढता येत नाही, अंग ताठ होतं. बहुतेक आठव्या दिवसाच्या आसपास.

सुंदरचं रडणं थांबलं. “आठव्या रोजले?”

“हो.”

“मन्हा पोऱ्या आठव्या रोजलेच गया, बाई. सासूनी नाळले शेन लायेल व्हतं. सर्वा म्हनेत, सटवी लई गयी.”

तिला जवळ घेतलं. दुसरं काय करणार?

मग तडक साहेबांकडे गेले. “साहेब, चूक माझी. फेल करायचं तर मला करा.”

साहेब कडक, पण मनाचे वाईट नव्हते. “उद्या सकाळी. एकच चान्स.”

दुसऱ्या दिवशी सुंदरने कात्रीबरोबर भांड्याचं झाकणही उकळलं आणि कात्री त्या झाकणातच ठेवली. साहेबांनी खोचून विचारलं, “आणि बाळंतिणीची सासू म्हणाली, आमचं सारवण पवित्र आहे, तर?”

“मी सांगसू, माय, सारेल जमीन देवले चालस, नाळले नही चालस. मी मन्हा पोऱ्या गमाडीसन हाई शिकनू.”

साहेबांनी तिच्या कागदावर सही केली. पास!

पाट बारगळला. सुंदरने पुढे सारंगखेड्याकडच्या गावांत कितीतरी बाळंतपणं केली.

पुढच्या बॅचपासून मी पहिल्या दिवशी शिकवणं सोडलं. मुलींनाच विचारायचे, तुमच्या घरी बाळंतपणात काय काय करतात? ऐकून झालं की मग फळ्याकडे वळायचे. विद्यार्थिनीला काय येत नाही, हे कोणीही तपासतं. ती काय शिकून आली आहे ते न विचारणारी बाई आधी फेल धरावी.