सुमनचा सैल ब्लाउज

हे मी अजून कुणाच्या कानावर घातलेलं नाही. पोटच्या पोराच्याही नाही. सिरसाळ्यात माझं शिलाईचं मशीन आहे. बायका येतात, मापाला उभ्या राहतात आणि घरातलं सगळं बोलून जातात. माझ्या पोटात गोष्ट राहते, असं त्यांना वाटतं. तुम्हालाही वाटेल. पण एकदा राहिली नाही — आणि ती बाहेर पडली तीसुद्धा धड बोलून नाही.

मी जन्माची संशयी. दूधवाल्याने माप ओतलं की आधी पाणी दिसतं मला. मालक अपघातात गेले, त्यानंतर तर हा स्वभाव फारच वाढला. त्यात हातात टेप. कोण पोटुशी, कोण घरात उपाशी, हे गावाच्या आधी मला कळायचं. मग एखादीचा आजार का कळू नये?

सुमन माझी धाकटी जाऊ. ती आणि दीर दरसाल ऊसतोडीला जायचे. नवरा-बायको मिळून एक कोयता, अशीच टोळीत मोजणी असते. एका हंगामाहून ती वाळून आली. ब्लाउज माझ्याकडून शिवणीत आत घेऊन दाबून घेतला. आषाढीला पुन्हा. पोळ्याला पुन्हा. आता, ‘तो’ आजार, एड्स म्हणतात तो, आमच्या गावाने पाहिला होता — गाल बसलेले, खाटेवर चादरीखाली माणूस आहे की नाही कळू नये. बारीक झाला की तोच, एवढंच आमचं ज्ञान.

टोळीच्या मुकादमाची बायको मापाला आली होती. मी सुमनचा ब्लाउज तिच्यापुढे धरला आणि म्हटलं, “तिसऱ्यांदा दाबायले.” बस. भुवई उडवली का? उडवली. खोटं कशाला सांगू.

का केलं? तिचा नवरा जिता होता, माझा नव्हता, म्हणून? सासू तिच्या हातच्या कालवणाचं कौतुक करायची, म्हणून? मला तिचा राग यायचा, एवढं खरं.

पुढचं गावाने केलं. हळदीकुंकवाचं बोलावणं तिला येईना. सासूने तिच्या हातची भाकरी सोडली. मीही सोडली. मुकादम दिराला म्हणाला, ही बाई टोळीत नको. मग सुमन एकटीच जाऊन रक्त तपासून आली आणि तो कागद तिने आधी माझ्यापुढे धरला. नवऱ्यापुढे नाही, माझ्यापुढे — तिला ठाऊक होतं का? “बघा बाई, काय बी न्हाई.” मी तो उलटसुलट केला. “कागद काय, कुठंबी मिळतो,” म्हटलं. दीर तिथंच चहा पीत बसला होता.

त्याने तिला धर्मापुरीला भावाकडे नेऊन सोडलं आणि पुढच्या हंगामाला दुसरी बाई घेऊन गेला. सुमनला थायरॉईड होता. गोळ्या सुरू झाल्यावर ती अंगाने भरली. पण इथलं तिचं घर मोडलं ते मोडलंच.

मग माझी पाळी आली. सुईत दोरा ओवता येईना. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू. ऑपरेशनच्या आधी रक्त तपासलं. मी चांगली जाडजूड, शुगरची आणि बीपीची गोळी चालू. त्यांनी मला वेगळ्या खोलीत बोलावलं. मी म्हटलं, बाटली बदलली तुमची, पुन्हा बघा. पुन्हा बघितलं. तेच. ‘तो’च आजार. तिथली मुलगी समजुतीनं बोलली, “मावशी, आता तुमच्यासारखेच जास्त येतात. धडधाकट, शुगरवाले. दुसऱ्याच कशासाठी रक्त काढतात अन् कळतं.” कित्येक वर्षं अंगात असलं तरी काही दिसत नाही, म्हणाली. मालकांच्या हार घातलेल्या फोटोकडे मी अजून संशयाने बघते. मेलेल्या माणसाला विचारणार काय?

माझा कागद खरा होता. म्हणजे सुमनचाही खराच. त्याच दिवशी मला धर्मापुरीची एसटी धरता आली असती. मुकादमाच्या बायकोपुढे उभं राहून म्हणता आलं असतं — आजार असा अंगावर दिसत नाही बाई, मला बघ. मी घरी आले आणि त्या आजाराच्या गोळ्या हुकांच्या डब्यात तळाशी ठेवल्या. रोज घेते. वजन आणखी वाढलं. माझ्या ब्लाउजच्या शिवणीतली माया, आत सोडलेलं जादा कापड, उसवून संपली. बायका म्हणतात, तब्येत सुधारली. मी प्रत्येकीची नजर तपासते. काही सापडत नाही. जाड बाईवर कोण संशय घेतं?

गेल्या उन्हाळ्यात सुमन आली. भाचीचं लग्न होतं, ब्लाउज शिवायचा होता. तुमच्याच हातचा बसतो, म्हणाली. हिला कळलं — माझ्या मनात पहिलं हेच आलं. बघायला आली. मी टेप लावला. “बाई, तब्येत लई चांगली झाली तुमची,” ती म्हणाली, “बरं वाटलं बघून.” मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले, टोमणा शोधत. नव्हता.

जेवणवेळ झाली होती. मी भाकऱ्या थापल्या. अशा माणसाच्या हातचं खाल्ल्याने काही होत नाही, हे मला दवाखान्यात कळलं होतं. तिच्या वेळी मी कुणाला विचारलंसुद्धा नव्हतं. सून शेतात गेलेली, घरात आम्ही दोघीच. सांगायचं तर तेव्हाच सांगायचं होतं.

सुमनने भाकरी मोडली, ठेचा लावला आणि निवांत जेवली. आणखी अर्धी मागितली. मी वाढली आणि ठेच्याची वाटी पुढे सरकवली.