तीन होदी

झुवेनाच्या दुकानाला लागूनच माझं शिवणकामाचं दुकान. तिचं सगळं मला ठाऊक आहे, आणि मी तिच्याच बाजूची आहे, हे आधीच सांगून टाकते.

मोंबासात ती पाण्याची टाकी भरली की पंप बंद करणारी यंत्रं बनवते. एक सर्किटची पाटी खाली पंपापाशी, दुसरी वर टाकीपाशी, मध्ये तार. खालची दर मिनिटाला विचारते, ‘भरली का?’ वरची उत्तर देते. उत्तरच आलं नाही तर काय, ही खरी गोम. झुवेनाने ती आमच्या दारातल्या रीतीने सोडवली. आम्ही दारात ‘होदी’, म्हणजे ‘येऊ का?’, म्हणतो आणि आतून ‘करिबू’, म्हणजे ‘या’, येईस्तोवर पाऊल टाकत नाही. तीन होदी झाल्या तरी आवाज नाही, की गुमान परत फिरायचं. पाटीलाही तिने तेच शिकवलं. दोन-दोन सेकंद थांबून तीनदा विचार, मग पंप बंद कर आणि लाल दिवा लाव.

तेव्हा ती म्बारकच्या दुकानात कामाला होती. खाऱ्या हवेने तारा कुजायच्या, लाल दिवे लागायचे, गिऱ्हाइकं कुरकुरायची. त्याने तो नियमच काढून टाकला.

“माझं यंत्र उत्तर येईपर्यंत वाट बघतं,” तो चारचौघांत म्हणाला. “तुझ्यासारखं तीन हाकांत तोंड फिरवत नाही.”

“आणि उत्तर आलंच नाही तर? पंप चालूच राहील, म्बारकभाई.”

“तू आपली तारांना डाग दे आणि गप्प बस.”

मग यंत्राच्या झाकणावरचं तिचं नाव खरवडून त्याने स्वतःचं लावलं आणि नऊ वर्षं राबलेल्या बाईला घरी पाठवलं. ती रडली नाही. “हा माझ्या दारात येऊन उभा राहत नाही,” म्हणाली, “तोवर मी मरत नाही.” ऐकून मला बरं वाटलं.

तिने वेगळं दुकान थाटलं. दोन वर्षांनी म्बारकच्या नव्या तीनमजली घरात त्याच्या लेकीचं लग्न निघालं. गल्लीला आमंत्रण होतं, आम्हीही गेलो. जिन्यात टाकीकडे जाणाऱ्या तारेचा जोड हिरवा पडून एका धाग्यावर लोंबत होता.

“सांगतेस का कुणाला?” मी विचारलं.

“मी फक्त डाग देणारी,” झुवेना म्हणाली आणि तिने आणखी पिलाव वाढून घेतला.

पुरुष निकाहाला मशिदीत गेले, पंपाच्या खोलीची किल्ली म्बारकच्या खिशात गेली, आणि जोड तुटला. खालची पाटी उत्तराची वाट बघत बसली, पंप चालूच. टाकी भरून वाहिली. पाणी जिन्यावरून नवरीच्या गाद्यांत, पाहुण्यांच्या चपलांत, पिलावाच्या पातेल्यांत शिरलं. नवरीची मला दया आली, तिच्या बापाची नाही.

बातमी पसरली. आठवड्यात चौदा गिऱ्हाइकांनी यंत्रं परत आणून टाकली. मंगळवारी सकाळी मी झुवेनाच्या घरी चहा पीत होते.

“होदी,” बाहेरून म्बारकचा आवाज आला.

तिने कप खाली ठेवला.

“होदी, झुवेना.”

ती हलली नाही.

“होदी, ताई. ते तीनदाचं कसं बसवलं होतंस, तेवढं सांग. झाकणावर तुझंच नाव लावतो.”

हेच तर तिला हवं होतं. मी तिच्याकडे पाहिलं.

“तीन झाल्या,” ती हळूच म्हणाली.

बाहेर पावलं वाजली नाहीत. चौथी होदी आली, मग पाचवी. तिने माझ्या कपात चहा ओतला.

“परत कधी फिरायचं, ते त्यानेच काढून टाकलंय.”

दुपार ढळून असरची बांग झाली तेव्हाही तो दारातच होता.