तिसाव्या दिवसाची नोंद

शल्यचिकित्सा विभागात ती एकोणीस वर्षे नोंदी ठेवत होती. सगळे तिला ‘फॉर्मबाई’ म्हणत. नव्या शस्त्रक्रियेवरील संशोधनात तिचे काम ठरलेले होते: ऑपरेशननंतर तिसाव्या दिवशी रुग्ण जिवंत आहे की नाही, ते लिहायचे. त्यानंतरचा मृत्यू शस्त्रक्रियेच्या माथी मारला जात नसे.

तिनेच डॉक्टरांना गळ घालून थोरल्या भावाला या संशोधनात घ्यायला लावले होते. ऑपरेशन बिघडले. अठ्ठाविसाव्या दिवशी तो व्हेंटिलेटरवर होता, मूत्रपिंडे निकामी झाली होती, आणि शुद्ध आली की तो तोंडातल्या नळीकडे बोट दाखवी.

“वन्सं, सोडवा हो त्यांना,” वहिनी म्हणाली. “मोठे डॉक्टर म्हणतात, अजून तीन दिवस बघू. तुम्ही तर आतल्या गोटातल्या. खरंच काही आशा आहे का?”

तीनच दिवस का, हे तिला ठाऊक होते. कागदावर यात काहीच गैर दिसले नसते. जिवंत माणसाला जिवंत ठेवले, एवढेच दिसले असते. खरे बोलली असती, तर नोकरी गेली असती.

“थांबू या, वहिनी. डॉक्टर उगाच नाही म्हणत.”

“मग तुमच्या शब्दावर थांबते.”

भाऊ नळी ओढू लागला, म्हणून त्याचे हात पलंगाला बांधले. तिसाव्या दिवशी तिने स्वच्छ अक्षरात ‘जिवंत’ असे लिहिले. एकतिसाव्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी स्वतःहून नळी काढली आणि तासाभरात तो गेला.

वहिनीने तिचे दोन्ही हात हातात घेतले. “वन्सं, तुम्ही होतात म्हणून त्यांच्यासाठी एवढं तरी झालं.”