फ्लायव्हीलला नमस्कार

मच्छिंद्र मिस्त्री केवढा तापट, ते जालना एमआयडीसीत कुणालाही विचारा. मला असा चढा आवाज बापाचाही सहन होत नाही, पण माझी गाडी त्याच्या ताब्यात होती. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स काढून तो हाताने गिअर टाकायचा साधा बसवत होता. त्यासाठी इंजिनाला जड फ्लायव्हील लागतं, म्हणजे क्लच ज्याला चिकटतो ती लोखंडी चकती. लेथवर तासून आणलेलं ते त्याने पेट्रोलने लख्ख पुसलं.

"हात लावायचा न्हाई! तेलाचा डाग राह्यला तर क्लच घसरंल, मंग घाटात मरताल!"

मी खिशात हात घातले.

त्याने गिअरबॉक्सच्या दांड्याला बोटांनी ग्रीस लावलं. मग फ्लायव्हील बसवण्याआधी, प्रत्येक यंत्राला करतो तसा, सवयीने नमस्कार केला. बोटं आधी फ्लायव्हीलला, मग कपाळाला. काळा डाग दोन्हीकडे उमटला. तो ते उचलायला वाकला.

"मच्छिंद्रभाऊ, कपाळ पुसा."

"काय?" तो खेकसला. कपाळ पुसलं, मनगट बघितलं, मग फ्लायव्हील बघितलं. त्याने हात धुतले आणि पेट्रोल घेऊन डाग काढला.

मग दोन्ही हात खिशात घालून त्याने फ्लायव्हीलपुढे नुसती मान झुकवली.